गिटारीत अडकवलेला चिमटा

ही वही कोणी उघडलीच, तर आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व कुठे नि दीर्घ कुठे, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आता कोणाला विचारायची लाज वाटते. अक्षर तर असं, की मी दिलेली यादी वाणी मलाच वाचायला लावतो. तरी लिहिते आहे. कारण ही गोष्ट जाऊबाई येईल त्या पाहुण्याला सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यात सगळे असतात, वानरंसुद्धा असतात, फक्त मी नसते. चारचौघांत "ताई, तसं नव्हतं" म्हणायला माझी जीभ उचलत नाही. इथे कोण अडवणार?

चौलला आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. मोठी नाही, पण वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यापासून बरं चाललं आहे. वाडी आमचे हे बघतात, स्वयंपाक माझ्याकडे, आणि फोन थोरल्या जाऊबाईंकडे. त्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. त्यांचा आवाज ऐकला की मुंबईच्या माणसाला वाटतं, आपण चांगल्या घरी चाललो आहोत.

गणपती झाल्यावर, दमट हवा जरा हलकी झाली तेव्हा, एक गृहस्थ मांडव्याच्या बोटीने आले. एका खांद्यावर गिटार, हातात स्पीकरचं खोकं, आणि कपड्यांची पिशवी इतकीशी, की मी म्हटलं हे दोन दिवसांत जातील. त्यांनी मागची खोली महिन्याच्या भाड्याने मागितली. ती पूर्वी सुपारी साठवायची खोली. अजून भिंतींना वास आहे. त्यांना तो आवडला.

ते मुंबईच्या मोठमोठ्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे. जन्मभर तेच केलं होतं. आम्ही त्यांना सर म्हणायचो. ते मला वहिनी म्हणायचे आणि बोलायचे अर्धं मराठी, अर्धं मुंबईचं हिंदी. पहिले काही आठवडे ते संध्याकाळी ओटीवर बसून वाजवत. गोड, हळू. आधी एक चाल यायची, मग ती चाल सोडून ते लांब कुठेतरी फिरून यायचे, आणि शेवटी बरोबर त्याच चालीवर परत. पाहुणे चहाचे कप हातात धरून ऐकत राहायचे. जाऊबाईंनी लगेच जाहिरातीत घातलं, "सायंकाळी नामवंत कलाकाराचे गिटारवादन." सरांना विचारलं, पण कसं? "तुम्ही वाजवणार ना हो संध्याकाळी?" सर म्हणाले, "मैं तो रोज बजाता हूँ." झालं, ठरलं.

काय वाजवणार, हे कोणीच विचारलं नाही.

मला मात्र वेगळंच माहीत होतं. कारण दुपारी, सगळे झोपले की, मागच्या खोलीतून दुसरेच आवाज यायचे. पत्रा ओढल्यासारखे, रहाटाचं चाक सुकल्यासारखे, मध्येच एकदम काही नाही. आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या वस्तू कमी व्हायला लागल्या. आधी एक वाटी. मग नारळाची किसणी. चिमटा गेला तेव्हा मला पोळी हाताने उचलावी लागली, म्हणून मी खोलीच्या दारापर्यंत गेले. आत बघते तर माझा चिमटा गिटारीच्या तारांत अडकवलेला, आणि सर त्याला बोटाने टिचक्या मारताहेत.

मला बघून ते शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले.

"सॉरी वहिनी. आपका है ना?"

"पोळ्या राहिल्यात," मी म्हटलं. एवढंच सुचलं.

त्यांनी चिमटा पुसून दिला. मग म्हणाले, "वहिनी, एक बोलू? मी इतकी वर्षं गाणं घेऊन निघालो आणि घरी परत आलो. रोज. लोकांना माहीत असायचं हा परत येणार, म्हणून ते टाळ्या वाजवायचे. आता मला परत यायचं नाही. चालच नाही, तर परत कुठे येणार? जो आवाज येईल तो ऐकायचा, आणि त्याला उत्तर द्यायचं."

"मग चूक कशी कळते?" मी विचारलं. विचारून मलाच नवल वाटलं.

ते हसले. "न ऐकता वाजवलं, तर ती चूक. बाकी काही नाही."

मी पोळ्या करायला गेले, पण ते वाक्य तव्यावर माझ्यासोबत होतं. मी कुठेही गेले की आधी आपण चुकू याचाच विचार करते. भजनात शब्द चुकेल म्हणून मी ओठ हलवते, आवाज काढत नाही. हळदीकुंकवाला उखाणा चुकेल म्हणून मी पाणी आणायला उठते. आणि इथे एक पिकल्या केसांचा माणूस म्हणतो, ऐकलंस तर तू चुकत नाहीस. ते वाजवणं चांगलं होतं की वाईट, मला आजही सांगता येणार नाही. पण त्या दिवसापासून दुपारी मी झोपत नव्हते. मागच्या पडवीत सुपारी सोलायला बसायचे. जुना चिमटा सरांनाच देऊन मी दुसरा आणला.

आता वानरांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे वानरांची टोळी डोंगरावरून उतरते आणि वाडीवाडीने पुढे जाते. कोवळे नारळ तोडून टाकते, केळी तर ठेवतच नाही. म्हणून प्रत्येक वाडीत माडांमधून दोरी नेलेली असते आणि तिला पत्र्याचे डबे टांगलेले असतात. ओटीवरून दोरी ओढली की सगळे डबे एकदम खडखडतात. आणि रीत अशी, की शेजारच्या वाडीत खडखडाट झाला की विचारत बसायचं नाही, आपलीही दोरी ओढायची. जो ओढणार नाही, टोळी त्याच्याकडे मुक्काम करणार. असा आवाज वाडीवाडीने पुढे जातो आणि पार खाडीपर्यंत पोचतो.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मोठा गट आला होता. सगळे निवृत्त, कॉलेजातले जुने मित्र, बायकांसकट. तिन्ही खोल्या आणि जेवणखाण मिळून पूर्ण पैसे त्यांनी आधीच पाठवले होते, आणि त्या पैशांच्या ह्यांनी न्हाणीघराच्या फरशा बसवूनही टाकल्या होत्या. संध्याकाळी ऊन असताना सगळे अंगणात खुर्च्या टाकून बसले. मी पोह्यांचे पापड तळत खिडकीतून बघत होते.

सरांनी सुरुवात गोड केली. एक बाई डोळे मिटून डोलायलाही लागल्या. मग चाल हळूच वाकडी झाली. सरांनी खिशातून माझा जुना चिमटा काढला. मी पापड तेलातच सोडला.

पायाजवळ गिटारीची वायर जोडलेली एक डबी होती, तिच्यावर त्यांनी पाय दाबला आणि स्पीकरच्या खोक्यातून असा आवाज निघाला, की माडावरचे कावळे उठले. डोलणाऱ्या बाईंनी डोळे उघडले ते मोठे करूनच. जाऊबाई हसत होत्या, पण फक्त दातांनी.

तेवढ्यात शेजारच्या वाडीतून डबे खडखडले.

शेजारच्या काकांना काय वाटणार? आमच्याकडून आवाज आला, म्हणजे टोळी आली. त्यांनी दोरी ओढली. त्यांच्या पलीकडच्यांनी त्यांची ओढली. कोणी सुतळी बॉम्बही लावला. कुत्री सुटली. बघता बघता खाडीपर्यंत सगळ्या वाड्या वाजायला लागल्या.

सरांनी मान वर केली. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. परक्या गावात आपल्या नावाने हाक आल्यासारखा. त्यांनी डब्यांना उत्तर दिलं. डबे थांबले की ते थांबायचे, डबे आले की ते चढायचे. इकडून किर्र, तिकडून खडखड. मला कोणी हसेल म्हणून सांगत नाही, पण मध्येच एक क्षण असा आला, की सगळं एकदम गप्प झालं, जसं काही सगळ्या वाड्यांनी मिळून ठरवलं होतं. आणि मग दूर कुठेतरी एकच डबा, टण्.

मी खिडकीत हसत होते. पापड जळून काळा झाला होता.

पाहुण्यांतले एक उंच गृहस्थ उठून उभे राहिले. "अहो, आम्ही इथे शांततेसाठी आलो! हे तर आम्ही मुंबईत फुकट ऐकतो!"

त्याच वेळी शेजारचे काका काठी घेऊन धापा टाकत कुंपणातून आत आले. "कुठं हायत? कुठं हायत वानरं?"

आमचे हे कपाळाला हात लावून पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "काका, आमच्याच ओटीवर."

"म्हंजे वानरं न्हाईत?" काकांनी सरांकडे बघितलं, चिमट्याकडे बघितलं. "मग मी दोरी तोडली ती कशापायी?"

"बहुत बढिया बजाया आपने," सर त्यांना म्हणाले, अगदी मनापासून.

काका जाऊबाईंकडे वळले. "मास्तरीण, ह्यो काय बोलतोय?"

पाहुण्यांनी पूर्ण पैसे परत मागितले. जेवणाचेसुद्धा. सकाळी घावने नारळाच्या रसात बुडवून खाल्ले, पुन्हा मागून घेतले, आणि मग मागितले. जाऊबाई म्हणाल्या, द्यायचे, जाहिरात आपण केली. हे म्हणाले, द्यायचे कुठून, फरशी उखडून? दोघांचं अंगणात चाललं होतं, आणि सर मधोमध उभे.

"गलती मेरी," सर म्हणाले. "मी देणार. पूर्ण."

"कधी?" ह्यांनी विचारलं. हे वाईट नाहीत, पण घाबरले की तुटक बोलतात.

सरांकडे पैसे नव्हते, हे सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी फोन काढून आपल्या मित्राला लावला. तोही गिटारवाला, अजून हॉटेलात वाजवणारा. त्याचा आवाज फोनबाहेर येत होता. "अरे ये ना परत! नाताळ आलाय, थर्टी फर्स्ट आहे, लग्नं आहेत. महिन्यात सगळं फिटेल. वो चम्मच-चिमटा बंद कर!"

सर "बघतो" म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या खोलीतून हॉटेलातली गाणी ऐकू आली. एकामागून एक, सगळी बरोबर, सगळी घरी परत येणारी. मी दारावरून गेले तेव्हा बघितलं. दुसऱ्याचे कपडे इस्त्री करून घडी घालणाऱ्या माणसाचा असतो तसा त्यांचा चेहरा होता.

माझे स्वतःचे पैसे होते. कोकमाचं आगळ, आमसुलं, सांडगी मिरच्या पाहुण्यांना विकून साठवलेले, पोस्टात ठेवलेले. मला मोठा फ्रीजर घ्यायचा होता. ओले काजू नि आंब्याचा रस त्यात ठेवला की अवेळी चांगला भाव येतो. दोन वर्षं मी त्या फ्रीजरचा विचार करत होते. तो कुठे ठेवायचा ती जागासुद्धा रोज झाडत होते.

मी रेवदंड्याला जाऊन पैसे काढले आणि ह्यांच्या हातात दिले. "अहो, हे पाहुण्यांना पाठवा."

हे बघतच राहिले. "अगं, हे तुझ्या फ्रीजरचे."

"माहीत आहे मला."

"आणि त्यांनी परत नाही दिले तर?"

मी भाजी निवडायला घेतली.

संध्याकाळी सर ओटीवर आले. पिशवी भरलेली होती. ह्यांनी त्यांना पैशांचं सांगितलं होतं. "वहिनी," ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून म्हणाले, "मी हॉटेलात जातो. जानेवारीत तुमचे पैसे आणून देतो. पक्का."

मी दाराआड होते. ओटीवर हे, जाऊबाई आणि तुटक्या दोरीसाठी सुंभ मागायला आलेले शेजारचे काका. इतक्या माणसांत मी लग्नात नाव घेतलं त्यानंतर बोलले नसेन. पण बोलले.

"घाई नाही."

"क्या?"

"माझ्या पैशांची घाई नाही. तुम्ही तुमचं ते वाजवा. जे दुपारी वाजवता ते."

काकांनी वळून दाराकडे बघितलं. मग जाऊबाई म्हणाल्या, "अगंबाई! हिला आवाज आहे!" सगळे हसले, मी आत पळाले. दूध उतू गेलं होतं. पण सरांनी पिशवी उचलून परत मागच्या खोलीत नेली, ते मी खिडकीतून बघितलं. जाऊबाईंच्या गोष्टीत इथे त्या स्वतः म्हणतात, "आम्ही सरांना ठेवून घेतलं." असो.

हे सगळं मोठ्या मनाने केलं असं मला लिहायचं नाही. कारण फाल्गुनात ओले काजू आले, आणि रस्त्यापलीकडच्या बाईंनी नवा फ्रीजर घेतला. लाल रंगाचा. मला दाखवायला बोलावलं. मी "छान आहे" म्हटलं आणि घरी येऊन भांडी आपटली.

त्यात सरांनी एक हट्ट धरला होता. माझे पैसे फक्त नव्या वाजवण्याच्या कमाईतून फेडायचे. थर्टी फर्स्टला ते एक रात्र हॉटेलात वाजवून आले, लग्नांतही वाजवलं, पण ते पैसे त्यांच्या भाड्याला आणि जेवणाला. "वो पेट का है वहिनी. तुमचं वेगळं." मला भयंकर राग यायचा. पैसे ते पैसे, त्यांना काय वास येतो? पण घाई नाही असं मीच म्हटलं होतं, सगळ्यांदेखत. आता कोणत्या तोंडाने घाई करणार?

नाताळ-लग्नांची धावपळ संपल्यावर त्यांचा तो मित्र आला होता. जाडसर, हसरा, स्वच्छ शर्ट. सरांना घेऊन जायलाच आला होता. ओटीवर बसून त्याने चहा प्यायला आणि सरांची यथेच्छ टिंगल केली. "वहिनी, हा मुंबईतला एक नंबर माणूस होता. आता बघा, भंगारवाला झाला. लाटणं राहिलंय का तुमच्याकडे, की तेपण नेलं?"

"लाटणं आहे," मी म्हटलं. "किसणी नेली."

तो इतका हसला की चहा सांडला.

दुपारी सरांनी त्याला मागच्या खोलीत नेलं. मी पडवीत सुपारी घेऊन बसले. पहिल्यांदा मित्र सारखी चाल आणायचा आणि सर ती मोडायचे. भांडण ऐकल्यासारखं वाटत होतं. "अरे सूर कुठला धरू?" मित्र ओरडला. "धरू नको ना!" सर ओरडले. मग बराच वेळ शांत. मला वाटलं, संपलं, आता पिशवी भरतील. तेवढ्यात एक बारीक आवाज आला, नख घासल्यासारखा. तो सरांचा नव्हता, हे मला कळलं, कारण सरांचा हात मला आता ओळखू येत होता. सरांनी त्याला उत्तर दिलं. अडकित्ता माझ्या हातात तसाच राहिला. ऊन पडवीतून खाली उतरलं तरी ते दोघं थांबले नव्हते.

मित्र बाहेर आला तेव्हा स्वच्छ शर्ट घामाने भिजलेला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, ते लाटणं द्या जरा."

त्यानंतर दोघं मिळून मुंबईत वाजवायला लागले. कोणाच्या गच्चीत, चित्रं लावतात तसल्या एका दालनात, एकदा मोटारी दुरुस्त करायच्या गाळ्यात. दाराशी तिकीट, थोडीशी माणसं. तिथून परत आले की सर पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या दारात यायचे आणि मिळालेलं माझ्या हातात द्यायचे. कधी बऱ्या नोटा, कधी दहा-वीसच्या.

"आज माणसं चांगली होती. थोडी उठून गेली."

हे मागून विचारायचे, "उठून गेलेल्यांचे पैसे परत दिलेत का?"

"नाही दादा. तेवढं तुमच्याकडे शिकलो."

शेजारचे काका आता कुंपणावरून ओरडून विचारायचे, "आज वाजवनार हाव का? म्हंजे मी दोरी न्हाय ओढत." सर इकडून ओरडायचे, "ओढा, ओढा!" काका म्हणायचे, "मग मला बी तिकिटातलं देवा." पण ओढायचे.

एकदा मी आणि जाऊबाई लग्नासाठी मुंबईला गेलो होतो, तेव्हा त्यांचं वाजवणं ऐकायला गेलो. माणसं सतरंजीवर बसली होती. मला सारखी भीती, टाळ्या कुठे वाजवायच्या ते मला कळणार नाही. मग लक्षात आलं, तिथे कोणालाच कळत नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत होते. मला फार हलकं वाटलं. जाऊबाई कानात म्हणाल्या, "हे संगीत आहे का गं?" मी म्हटलं, "ऐका तरी." त्यांना मी असं कधी म्हटलं नव्हतं. त्या खरंच गप्प बसल्या.

पुढच्या गणपतीच्या आधी, मी नारळ खवत होते तेव्हा सर आणि मित्र दोघं एकदम दारात आले. मित्राने लाटणं परत आणलं होतं. त्याला खाचा पडल्या होत्या. मी ते तसंच ठेवून घेतलं. सरांनी एक पाकीट पुढे केलं. जाड होतं. इतके पैसे गच्चीतून येत नाहीत, हे मलाही कळत होतं.

"हे कुठले?" मी विचारलं. "हॉटेलचे?"

सर खाली बघायला लागले. "हॉटेलचेच आहेत वहिनी."

माझा हात मागे आला. वर्षभर ज्या हट्टाचा मला राग येत होता, तो त्यांनी सोडला म्हणून मला इतकं वाईट वाटेल, असं मला वाटलं नव्हतं.

मित्राला राहवलं नाही. "अरे, सांग ना नीट! वहिनी, नवा मॅनेजर आलाय. तरुण आहे. म्हणाला, तुम्ही जुनी माणसं, तुमचं काहीतरी नवीन वाजवा, लॉबीत. आम्ही वाजवलं."

"मग?"

"मग काय. अर्ध्यात थांबवलं. म्हणाला, हात जोडतो, पैसे पूर्ण घ्या आणि जा."

सर आता हसू दाबत होते. "चिमट्याच्या वेळी थांबवलं. गोड काहीच नव्हतं वाजवलं, वहिनी. एक सूरही नाही."

मी हात पदराला पुसला आणि पाकीट घेतलं. हे आत आले, त्यांनी नोटा मोजल्या, मागच्यात मिळवल्या, बोटांवर पुन्हा मोजल्या.

"फिटले," ते म्हणाले. "पूर्ण फिटले."